गळ्यातली माळ आणि फिरता चक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही लहानशा वर्कशॉपमधला लेथ, म्हणजे धातू गोल फिरवून कापायचं यंत्र, डोळ्यांसमोर आणा. त्याचा चक, म्हणजे धातूचा तुकडा घट्ट पकडून फिरवणारा भाग, १० सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला ५०० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला आठाहून थोडे जास्त. एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. ओढणीचं टोक सापडलं, तर अडीच मीटरची अख्खी ओढणी एका सेकंदात आत. धोका लक्षात येऊन हात हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, आणि तेवढ्यात ६५ सेंटिमीटर गेलेलं असतं. वाकून काम करणाऱ्याचा गळा चकपासून बहुधा त्याहून जवळच असतो.

त्या चकला ओढणी, तुळशीची माळ, जानवं, तावीज, क्रॉसची साखळी यांतला फरक कळत नाही. कामाच्या ठिकाणी धर्माच्या खुणा घालाव्यात का, यावर आपल्याकडे बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न येतो, कोणत्या धर्माची खूण? आमचं म्हणणं असं की पहिला प्रश्न "कोणत्या कामावर?" हा हवा. तिथून सुरुवात केली की निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत.

याचं एक स्वच्छ उदाहरण युरोपातलं आहे. १५ जानेवारी २०१३ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने क्रॉसच्या दोन प्रकरणांचा निकाल एकाच दिवशी दिला. नादिया एवेडा ब्रिटिश एअरवेजमध्ये चेक-इन काउंटरवर होत्या आणि शर्ली चॅपलिन रुग्णालयात परिचारिका. दोघींच्या गळ्यात क्रॉस. काउंटरवरच्या एवेडा यांच्या बाजूने निकाल लागला, कारण तिथे त्या क्रॉसने कुणाचं काही बिघडत नव्हतं. चॅपलिन यांच्या बाबतीत रुग्णालयाचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं. गोंधळलेला रुग्ण साखळी ओढू शकतो, लोंबता क्रॉस उघड्या जखमेला लागू शकतो, हे कारण त्याला पटलं. खूण तीच, पण काम वेगळं म्हणून निकालही वेगळा.

आपल्या कायद्याचं थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्माचं आचरण करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्याच कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं शीख धर्माचरणात समाविष्ट आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. हा हक्क सरकारी यंत्रणेपुढे थेट मागता येतो. खासगी कंपनीपुढे वाट तितकी सरळ नाही. तिथे तुमचं नेमणूकपत्र, स्थायी आदेश (म्हणजे कामगारांसाठीचे कंपनीचे नोकरीचे नियम) आणि कंपनीचा लेखी ड्रेसकोड यांवर बरंच अवलंबून असतं. म्हणून सही करण्याआधी ते कागद वाचा. आणि एक गल्लत नेहमी होते, ती टाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला दुचाकीवर हेल्मेटची सूट आहे. ती सूट रस्त्यावरची. बांधकामाच्या साइटवर किंवा कोळसा खाणीत ती आपोआप लागू होत नाही.

आता कामानुसार पाहू.

फिरत्या मशीनजवळचा नियम जुनाच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्येही चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे हवेत, असं म्हटलं होतं. वारकरी गळ्यातली माळ काढणार नाही, आणि ती काढायला सांगायची गरजही नसते. माळ गळ्याशी जवळ ओवून घ्या, वर बंद गळ्याचा बनियन, त्यावर शर्टाचं वरचं बटण. बारीक सूती दोऱ्यात ओवलेली माळ ओढ बसली की तुटण्याची शक्यता जास्त; नायलॉनच्या दोऱ्यातली किंवा तारेत गुंफलेली सहजी तुटत नाही, गळा कापते. जानवं खांद्यावरून कमरेपर्यंत येतं, वाकलं की शर्टाच्या फटीतून बाहेर डोकावतं. ते बनियनच्या आत, आणि बनियन पँटमध्ये खोचलेला. मनगटावरचा लाल दोरा सैल असेल तर ड्रिलच्या टोकाला पुरेसा आहे. आणि हो, लेथवर हातमोजेही घालायचे नसतात. काही सुपरवायझर दोरा काढायला लावतात आणि मोजे चढवायला सांगतात.

अंगठ्यांचं वेगळं. नवग्रहाची असो की फिरोजाची, शिडीवरून उतरताना अंगठी खिळ्याला अडकली आणि शरीराचा भार त्या बोटावर आला, तर कातडी मोज्यासारखी उलटी निघून येते. बोट बऱ्याचदा वाचत नाही. अंगठी डब्याच्या पिशवीत ठेवा, नाहीतर गोफात ओवून शर्टाच्या आत... नाही, मशीनवर असाल तर तेही नको. पिशवीतच.

विजेच्या कामात धातूचा कडा, तांब्याचं वळं, साखळी, काहीही धोक्याचं. शॉकपेक्षाही भाजण्याचा धोका मोठा असतो. पॅनेलमध्ये दोन टोकांना कडा टेकला की तो क्षणात लालबुंद होतो, आणि मनगटातून झटकन निघत नाही. शीख इलेक्ट्रिशियनला कडा उतरवायचा नसेल, तर त्याला चालू लाइनवरची कामं न देता शटडाऊन घेऊन, कुलूप आणि टॅग लावून करायची कामं द्यावीत. कड्यावर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे झालं, हा समज चुकीचा आहे. चिकटपट्टी घसरते आणि घामाने सुटते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामाचं काय सांगावं.

रुग्णालयात, मग ते मेडिकल असो की मेयो की एखादं नर्सिंग होम, मुख्य तत्त्व एकच. ऑपरेशन थिएटर आणि ड्रेसिंगच्या कामात कोपराच्या खाली काही नको. बांगड्या, गंडा, कडा, घड्याळ, सगळं. दोऱ्यात पाणी मुरतं, तो दिवसभर ओला राहतो, आणि दोऱ्याखालची कातडी कितीही साबण लावला तरी नीट धुतली जात नाही. हिजाब घालणाऱ्या परिचारिकेला थिएटरमध्ये डोकं, कान, मान झाकणारा, फेकून देता येणारा हूड द्यायचा. हिजाबवर टोपी नव्हे, तर हिजाबच्या जागी हूड. तो आडोशाला बदलायला खोली द्यायची. हे जमलं की प्रश्न मिटतो. एमआरआयच्या खोलीत मात्र कुणाचीच गय नाही. मंगळसूत्र, कडा आणि हिजाबच्या टाचण्या लक्षात राहतात; जोडवी विसरतात. हिजाबला पिनेऐवजी चुंबकाची बटणं लावायची नवी पद्धत आहे, दिसायला छान, पण एमआरआयच्या आसपास आणि पेसमेकर असलेल्या रुग्णाजवळ ती नकोच.

खाद्यपदार्थांच्या ठिकाणी काचेची बांगडी हा सर्वात मोठा शत्रू, कारण पिठात पडलेला तुकडा दिसत नाही. नव्या नवरीचा हिरवा चुडा किंवा जरीपटक्याकडच्या सिंधी-पंजाबी घरांतला लाल चुडा महिना-सव्वा महिना उतरवायचा नसतो. तेवढे दिवस तिला पॅकिंगच्या नोंदी किंवा डिस्पॅचचं काम द्यावं. शिफ्टचा तक्ता आठवडाभर आधी बनवला तर हे सहज जमतं.

आता दाढी. धूळ किंवा वाफेचा मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तरच काम करतो. दाढीमुळे कडेला फट राहते आणि हवा तिथून येते. माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे डोक्यावरून येणारा, पंख्याने हवा ढकलणारा सैल हूड. तो महाग असतो, पण दाढीशी त्याचं वैर नाही. दुसरा, शीख डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात पुढे आणलेला "सिंग ठाठा". व्यायामाला वापरतात तसा पातळ, रुंद रबरी पट्टा हनुवटीखालून घेऊन सगळी दाढी झाकत डोक्यावर गाठ मारायची, वर पगडी, आणि मास्क त्या पट्ट्यावर बसवायचा. बसला की नाही हे फिट टेस्ट करूनच ठरवायचं, नुसत्या अंदाजाने नाही.

कापडाकडे फार कमी लोक लक्ष देतात. वेल्डिंग, भट्टी, प्रयोगशाळेतला बर्नर, यांच्याजवळ पॉलिस्टरचा हिजाब किंवा ओढणी नको. ते कापड जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. सूती घ्या, डोक्यावरून एकसंध चढणारा आणि अ‍ॅप्रनच्या आत खोचता येणारा. पगडीवर सेफ्टी हेल्मेट बसत नाही. पाच-सहा मीटर कापडाचा तो भार असतो. हेल्मेटखाली पातळ पटका चालतो, कामापुरता पटका आणि गेटबाहेर पगडी, अशी व्यवस्था अनेकांना मान्य असते. पण ती त्यांना विचारून करावी, त्यांच्यावर लादू नये. ब्रिटनने १९८९ च्या कायद्याने बांधकामावरच्या पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट दिली, आणि २०१५ मध्ये ती इतर कामाच्या ठिकाणांपर्यंत वाढवली. डोक्याला मार लागला तर लागणारच, हे त्या सूटने बदलत नाही.

कंपनीने गणवेशाच्या रंगाचा हिजाब किंवा पगडी हवी असं म्हटलं, तर कापड कंपनीनेच द्यावं, आणि गणवेशाच्याच थानातलं. गांधीबागेत त्याच नंबरचा रंग नंतर मागितला तर छटा वेगळी निघते, आणि मग बिचाऱ्या कामगारालाच "तुझा युनिफॉर्म वेगळा दिसतो" असं ऐकावं लागतं.

नवरात्रात अनवाणी राहायचा नेम अनेकांचा असतो, कोराडीच्या जगदंबेला पायी जाणारे तर कित्येक. अय्यप्पाचं ४१ दिवसांचं व्रत करणारेही आहेत. शॉपफ्लोअरवर अनवाणी हे मात्र चालत नाही; लोखंडाचा कीस तळव्यात शिरतो आणि वरून पडणारा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला लोखंडाचा तुकडा, व्रत पाहत नाही. सेफ्टी शूजची पुढची टोपी २०० जूलचा आघात झेलण्यासाठी असते. कित्येक जण पुजाऱ्याला किंवा गुरुस्वामींना विचारून गेटच्या आतपुरता बूट घालतात. अडचण चामड्याची असेल, जैन बांधवांचीही ती असते, तर चामडं नसलेले सेफ्टी शूज मिळतात. खरेदी विभागाला महिनाभर आधी सांगा, ऐन घटस्थापनेला नव्हे.

मिहानमधल्या विमानतळावर काम करणाऱ्या शीख बांधवांसाठी एक नोंद. मार्च २०२२ मध्ये देशांतर्गत विमानात कृपाण नेण्याची मर्यादा ठरली, पातं १५.२४ सेंटिमीटर, एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटर. त्या आदेशात आधी विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना मनाई होती, ती काही दिवसांतच मागे घेतली गेली. कारखान्यातही याच धर्तीवर माप ठरवता येतं. कृपाण म्यानात, गात्र्यात (म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्यात), कपड्यांच्या आत, आणि गेटच्या रजिस्टरला नोंद.

राहिलं ऑफिस. कॉल सेंटर, बँक, हिशेबाचं टेबल. इथे चक नाही, लाइन नाही, जखम नाही. मग मनाईचं कारण काय? बहुतेक वेळा "क्लायंटला कसं दिसेल" एवढंच असतं, आणि ते कारण आम्हाला कच्चं वाटतं. त्यातून आणखी एक गोष्ट उघड होते. "इथे धार्मिक खुणा नकोत" म्हणणाऱ्या साहेबांना टेबलावरचा गणपती, कपाळाचं कुंकू, मंगळसूत्र दिसत नाही. रोजचं असल्यामुळे ते त्यांना धार्मिक वाटतच नाही. हिजाब आणि टोपी लगेच दिसते. नियम करायचा तर एका वाक्यात त्याचं कारण लिहून पाहा. कारण लिहिता आलं नाही, तर नियम करू नका. ओळख पटवायची असेल, तर नकाब वर करून महिला गार्डने आडोशाला चेहरा पाहावा, एक मिनिटाचं काम.

आणि मुभा मागणाऱ्यांनी तोंडी मागू नये. एक पान पुरे. काय घालायचं आहे, अंगावर कुठे, कोणत्या कामाच्या वेळी, आणि अडचण आलीच तर तुमचा पर्याय काय. जॉइनिंगच्या आधी द्या, पोच घ्या. दोन आठवडे करून पाहू असा प्रस्ताव ठेवला की होकार लवकर येतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते गेटवर, कारण तिथे कंत्राटी गार्ड स्वतःच नियम ठरवतो. त्याच्या हातात लेखी यादी द्या.

जाता जाता खंडेनवमीचं. पूजेला नारळ कंट्रोल पॅनेलपासून दूर फोडा, पाणी आत गेलं की शॉर्ट होतं. उदबत्ती थिनरच्या डब्याजवळ नको. आणि दसऱ्यानंतर पहिली शिफ्ट सुरू करताना मेन स्विच टाकण्याआधी चकवरचा झेंडूचा हार आणि हँडलला बांधलेला दोरा कुणी काढलाय का, ते स्वतः हात लावून पाहा.