कापसाचा ओलावा आणि जावातील पॅरामीटराइज्ड टेस्ट

नमस्कार मंडळी. माझ्या मागे दिसतो आहे तो आमच्या पडवीतला कापसाचा ढीग. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर बहुतेक घरांत हेच दृश्य असते, म्हणून आजच्या विषयाचे, म्हणजे जावा प्रोग्रॅमची एकच टेस्ट (तपासणी) वेगवेगळ्या आकड्यांवर चालवणाऱ्या पॅरामीटराइज्ड टेस्टचे, उदाहरणही मी त्यातूनच घेतले आहे.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. आपल्या प्रोग्रॅममधला नियम असा: ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत जितका टक्का जास्त तितका टक्का कपात आणि १२ च्या वर एक्सेप्शन, म्हणजे भाव न देता प्रोग्रॅमने चूक कळवायची.

सुरुवातीला मी हे सगळे आकडे एकाच टेस्टमध्ये फॉर लूप लावून, म्हणजे एकामागून एक फिरवून, तपासत असे. तिसऱ्या आकड्यावर टेस्ट पडली, की पुढचे आकडे तपासलेच जात नसत. एक चूक दुरुस्त करावी, तर दुसरी वर येई.

जावातल्या टेस्ट चालवणाऱ्या ज्युनिट ५ मध्ये मेथडवर (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यावर) टेस्टऐवजी पॅरामीटराइज्डटेस्ट हे ॲनोटेशन, म्हणजे वर लिहायची खूण, लावले आणि त्याखाली सीएसव्हीसोर्समध्ये स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या ओळी दिल्या, की प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट म्हणून चालते. दोन्ही ॲनोटेशन एकत्र ठेवू नका. तसे केल्यास तीच मेथड साधी टेस्ट म्हणूनही चालवली जाते आणि पॅरामीटर (ओळीतले आकडे) न मिळाल्याने पडते.

आता ओलावा आणि भाव यांच्या ओळी पाहा: ८ ला ७५२१.००, ८.१ ला ७५१३.४८, १० ला ७३७०.५८ आणि १२ ला ७२२०.१६. माझ्या मते खरा कस ८ आणि ८.१ या जोडीतच आहे, कारण ‘पेक्षा जास्त’च्या जागी चुकून ‘पेक्षा कमी’ लिहिले गेले, तर ते ८.१ वर लगेच उघडे पडते. १२.१ ची टेस्ट मात्र मी वेगळी लिहितो, कारण तिथे भाव नव्हे, एक्सेप्शन अपेक्षित आहे.

आपल्या सवयीने ७,५२१ असा स्वल्पविराम दिलात, तर एका आकड्याचे दोन रकाने होतात. शिवाय रक्कम बिगडेसिमल या जावाच्या अचूक दशांश प्रकारात असेल, तर अपेक्षित आणि मिळालेले उत्तर ताडून पाहणाऱ्या ॲसर्टइक्वल्सला ७५२१ आणि ७५२१.०० हे वेगळे वाटतात, म्हणून दशांश पूर्ण लिहावेत.

ओळी वाढल्या, की त्या सीएसव्ही फाइलमध्ये हलवून सीएसव्हीफाइलसोर्स वापरावा. त्यात शीर्षकाची पहिली ओळ असेल, तर नमलाइन्सटूस्किप (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) १ ठेवा. नाहीतर ज्युनिट ‘ओलावा’ या शब्दालाच आकडा करायला जाते आणि पहिलीच टेस्ट पडते.