पाजणारी बाई कुठे गेली?

नमस्कार मंडळी! मी गिरगावातल्या चाळीत वाढले, उन्हाळ्यात गॅलरीत गोधड्या टाकून झोपायचो आणि आजी कर्णाची गोष्ट सांगायची. कुंतीने पेटीच्या फटी मेणाने बुजवल्या इथे आली की तिचा आवाज बसायचाच. मग पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, यमुनेत, गंगेत, थेट चंपानगरीला राधेच्या हातात. मी विचारायचे, सगळ्याच पेट्या पोचतात का गं आजी? ती नुसती थोपटत राहायची.

पुढे कॉलेजात असताना फोर्टला टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकच्या लायब्ररीत बसायला लागले आणि तिथे हीच पेटी परत भेटली, जुन्या मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराककडचा, अक्कडचा राजा सारगॉन, आई पुजारीण, वेताची टोपली, वरून डांबर, आणि अक्की नावाच्या पाणक्याने बाहेर काढलेलं बाळ. ती गोष्ट ज्या मातीच्या पाट्यांवर मिळाली त्या राजानंतर दीड हजारांहून जास्त वर्षांनी लिहिलेल्या आहेत. बायबलमधल्या मोझेसची टोपलीही तशीच.

पण मला खरा धक्का बसला तो हेरोडोटस हा जुना ग्रीक इतिहासकार वाचताना. इराणचा राजा सायरस याला लहानपणी कुत्रीने पाजलं असं लोक म्हणायचे, हा म्हणतो, अहो, त्याला वाढवणाऱ्या गुराख्याच्या बायकोचं नावच स्पाको होतं, तिथल्या मीड लोकांच्या भाषेत स्पाको म्हणजे कुत्री, आणि पोरगा वाचला यात लोकांना देवाचा हात दिसावा म्हणून आईबापांनीच ती गोष्ट पसरवली! लांडगीने पाजलं म्हणतात त्या, रोम वसवणाऱ्या रोम्युलसचंही तेच. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की काहींच्या मते लांडगी वगैरे नव्हतीच, लॅरेन्शिया होती, मेंढपाळाची बायको, तिला लोक 'लुपा' म्हणायचे, आणि लॅटिनमध्ये लुपा म्हणजे लांडगी पण आणि वेश्या पण. म्हणजे बघा, स्वतःचं दूध पाजणारी गरीब बाई गोष्टीतून गेली आणि तिच्या जागी जनावर येऊन बसलं. मला याचा आजही राग येतो. इतिहास लिहायचा तो हिला परत आणण्यासाठी, राजाचं काय, त्याचे पुतळे असतातच.

आणि म्हणून मला पुण्याचं ते घर फार मोठं वाटतं. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावं, मूल टाकू नये, मारू नये. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. इथे जन्म देणारीचं नाव आपल्याला माहीत आहे, वाढवणारीचंही. यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोगी घेऊन जात होत्या, त्यातच त्या गेल्या.