जॉली बॉय: तीन तासांचं बेट

(अंदमान, वंडूर जेट्टी. सकाळ. टेबलावर उघडलेल्या पिशव्या.)

टेबलावर चिवड्याचं पाकीट आहे. वनखात्याचा माणूस ते दोन बोटांत धरून वर करतो आणि नागपूरहून आलेल्या काकूंकडे बघतो.

"आंटी, पन्नी नहीं जाएगा."

पन्नी म्हणजे प्लास्टिक, आणि जॉली बॉय बेटावर ते न्यायचं नाही. अंदमानची हिंदी अशीच. बंगाली, तमिळ, रांचीकडची, केरळची माणसं दोन-तीन पिढ्या एकत्र राहिली आणि क्रियापदाचं लिंग वाटेत कुठंतरी गळून पडलं. काकू म्हणतात, "अहो, चिवडा आहे, बॉम्ब नाही!" पण माणूस हसत नाही. शेवटी मागच्या रांगेतल्या कुणाचातरी स्टीलचा डबा पुढं येतो. चिवडा डब्यात, पाकीट पिंपात. बिस्किटांचे पुडे उघडले जातात, वेष्टनं पिंपात. पाण्याच्या बाटल्या इथंच राहतात. पाहिजे तर डिपॉझिट भरून स्टीलची बाटली घ्या आणि संध्याकाळी परत करा.

रांग हळूहळू सरकते. कुरकुर होते. तासाभराच्या बोटप्रवासासाठी विमानतळासारखी झडती कशाला, असं एक गृहस्थ म्हणतातही. खरं सांगायचं तर विमानतळावर इतकी बारीक झडती होत नाही.

(जेट्टीवरून पाणी. नांगरलेल्या बोटी.)

वंडूर पोर्ट ब्लेअरपासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. २०२४ पासून त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, पण टॅक्सीवाले अजून जुनंच नाव घेतात. महाराष्ट्रातून येणारी बहुतेक मंडळी इथं येतात ती सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी, कोलू, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी काय करायचं, म्हणून वंडूर.

इथून पुढचा समुद्र म्हणजे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. स्थापना १९८३, क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर, बेटं पंधरा. पर्यटकांना त्यातली दोनच उघडी, आणि तीही आळीपाळीनं. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, उरलेले महिने रेडस्किन. एक बेट माणसं झेलत असतं तेव्हा दुसरं विश्रांती घेतं. शेतकरी जमीन पडीक टाकतो तसंच.

नाव खरं 'जॉली बॉय' नाही. शेवटचा शब्द मुलगा या अर्थाचा 'बॉय' नव्हे, तर बंदरात तरंगतो त्या बोयाचा इंग्रजी शब्द, 'buoy'. पण सगळ्यांच्या तोंडी बॉय बसलंय, तर आपणही तेच म्हणू. शेजारच्या बेटांची नावं ऐका: ग्रब, स्नॉब, प्लूटो, बोट. इंग्रजांच्या नकाशावाल्याला त्या दिवशी काय सुचत होतं, देव जाणे.

(बोट खाडीतून जाते. दोन्ही बाजूंना खारफुटी.)

पहिला बराच वेळ समुद्र दिसतच नाही. दोन्ही बाजूंना खारफुटी, मुळांचे वाकलेले पाय पाण्यात, पाणी चहासारखं. या पाण्यात खाऱ्या पाण्यातली मगर असते. वंडूरच्या किनाऱ्यावर पोहण्याच्या जागेला जाळी लावलीय ती तिच्यासाठीच. बोटीत हे कुणी आधी सांगत नाही. सांगितल्यावर मात्र सगळे एकदम त्याच बाजूला झुकतात, आणि बोटवाला ओरडतो.

मग खाडी संपते आणि रंग बदलतो. उजवीकडे डोंगराळ, दाट हिरवं टारमुगली. पलीकडे रटलंड.

रटलंडबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण 'निर्मनुष्य बेट' हा शब्द पर्यटनाच्या पत्रकांत फार सहज येतो. रटलंडवर जांगिल नावाचे लोक राहत होते. अंदमानातल्याच जारवा आदिवासींशी त्यांचं काही नातं असावं असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर ते कुणाला दिसले नाहीत. पुढं शोध घेणाऱ्यांना माणसं भेटली नाहीत. बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांचा घास घेतला असावा असा अंदाज आहे. तेव्हा या भागातली शांतता सगळीच निसर्गाची देणगी नव्हे.

(जॉली बॉय समोर. हिरवं बेट, पांढरी कड.)

बेटाला धक्का नाही. मोठी बोट लांब उभी राहते, आणि तळाला काच बसवलेली लहान होडी माणसं न्यायला येते. आठ-दहा जण दोन्ही बाजूंना बसतात, सगळ्यांची डोकी मध्ये वाकलेली. एखाद्या विहिरीत पडलेली बादली शोधावी तशी.

होडीवाला एका हातानं सुकाणू सांभाळतो आणि गणिताच्या मास्तरांसारखा नावं सांगतो. "ये ब्रेन. ये फिंगर. ये कैबेज." मेंदूच्या घड्यांसारखं गोल प्रवाळ. बोटांसारखं फुटलेलं. कोबीच्या पानांसारखं. एका फटीत महाकाय शिंपला, निळसर ओठ उघडे. होडीची सावली पडली की ओठ मिटतात.

आपल्याकडे पत्रिकेत मंगळ बघून बोटात घालतात ते पोवळं यांच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी, पण इथलं नव्हे. ते लाल पोवळं खोल, गार पाण्यातलं. भूमध्य समुद्र त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. इथली प्रवाळं बेटं बांधणारी. बहुतेकांचा एकेक जीव भाताच्या शितापेक्षा मोठा नाही. तो स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर पुढचा. फांद्या फुटणारं काही प्रवाळ वर्षाला दहा-वीस सेंटीमीटर वाढू शकतं. गोल, भरीव प्रकार वर्षाला सेंटीमीटरच्या आसपास. काचेखालून आत्ता गेला तो दोन मीटर उंचीचा गोळा धरला, तर त्याचं काम पेशवाईच्या अखेरीच्या सुमारास सुरू झालं असेल.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. जॉली बॉय प्रवाळानं बनलेलं नाही. ते खडकाचं आहे. ब्रह्मदेशातली आराकान पर्वतरांग समुद्रात उतरते, तिचे पाण्यावर राहिलेले माथे म्हणजे अंदमान. प्रवाळ या माथ्याच्या पायाशी झालरीसारखं वाढलंय, आणि वाळू त्या झालरीची.

(वाळू. जवळून.)

वाळू कशी बनते ते काचेतून दिसतं. निळा-हिरवा, चोचीसारख्या तोंडाचा पोपटमासा प्रवाळाला चावतो. कान दिला तर करकर ऐकू येते. घशातल्या दातांनी तो चुना दळतो, वरचं शेवाळ पचवतो आणि उरलेलं पीठ मागून सोडतो. पांढरा धूर निघतो आणि खाली बसतो. काकूंना हे कळल्यावर त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या.

जेवायला सावली धरून बसलो. कोकणात बऱ्याच ठिकाणी वाळू बेसाल्टची, काळपट, दुपारी पाय भाजतात. इथं भर बारा वाजता अनवाणी उभं राहता येतं. डब्यातली लिंबाची फोड चिमूटभर वाळूवर पिळून बघितली. बारीक बुडबुडे आले, चुन्यावर येतात तसेच. रसायनशास्त्राचा तास तिथंच झाला.

महाराष्ट्राकडेही प्रवाळ आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मालवणच्या पाण्यात थोडं, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. पण ते पठार पुरतं बुडालेलं. सर्वांत उथळ जागीही वीसेक मीटर पाणी. तिथं डबा उघडून बसायची सोय नाही.

(काचेतून: राखाडी, मोडलेला भाग.)

होडी आणखी पुढं गेली तेव्हा होडीवाल्यानं नावं सांगणं थांबवलं. खाली मोडक्या फांद्यांचा खच होता. राखाडी, शेवाळ चढलेला. कुणी विचारलं, "ये कौन सा है?" तो म्हणाला, "ये मर गया."

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमान तिरपं झालं असं म्हटलं तरी चालेल. उत्तरेकडची जमीन उचलली गेली, तिथले प्रवाळाचे पट्टे पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. दक्षिणेकडे, पोर्ट ब्लेअरच्या आसपास, जमीन सुमारे मीटरभर खचली. सिप्पीघाटच्या शेतांत खारं पाणी शिरलं. वंडूरच्या किनाऱ्यावर उन्मळून पडलेली मोठाली खोडं लोक सेल्फीसाठी वापरतात. ती त्या काळाचीच आठवण.

तेवढ्यावर भागलं असतं तर प्रवाळानं पुन्हा उभारी धरली असती. पण प्रवाळाला रंग आणि बरंचसं अन्न देतं ते त्याच्या पेशीत राहणारं सूक्ष्म शैवाल. उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं. पांढरं फटक पडतं. लगेच मरत नाही, उपाशी राहतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं, तर होडीवाला म्हणाला तसं. १९९८ आणि २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेनं जगभर चौथ्यांदा अशी लाट आल्याचं जाहीर केलं.

सकाळच्या टेबलावर चिवड्याचं पाकीट अडवता येतं. गरम पाणी जेट्टीवरून येत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, ही प्रवाळं आहेत. मेलेला तुकडाही उचलून नेता येत नाही. कागद कडक आहे.

(किनारा. निघायची वेळ.)

दोनच्या सुमारास शिट्टी वाजते. इथं रात्र काढायला परवानगी नाही. राहायला खोली नाही, चहाची टपरी नाही, नारळपाणीवाला नाही. आमच्या मते बेट टिकलंय त्यातलं निम्मं श्रेय या 'नाही'ला.

एका मुलानं खिशात शंख टाकला होता. होडीत चढताना तो किंचाळला. खिसा हलत होता. शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा, नांगी बाहेर काढून. असा खेकडा वाढला की जुनं घर सोडतो आणि मोठा रिकामा शंख शोधतो. किनाऱ्यावरचे शंख माणसांनी नेले तर त्याला उघड्यावर राहावं लागतं. होडीवाल्यानं तो दोन बोटांत धरला, अगदी सकाळी चिवड्याचं पाकीट धरलं होतं तसा, आणि ओल्या वाळूवर सोडला. तो क्षणभर गप्प. मग तिरका पळाला.

(वंडूर जेट्टी. संध्याकाळ.)

बाटली परत, डिपॉझिट परत. काकूंनी डबा विसळून ज्याचा त्याला दिला, त्यात चिवड्याची एक मूठ ठेवून. टेबलापाशी आता कुणी नाही. पिंप मात्र सकाळपासून तिथंच आहे, काठोकाठ भरलेलं, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यानं वरची पाकिटं फडफडतायत.