लिनक्स की लायनक्स?

पडद्यावर थरथरणाऱ्या या रेषेमागचा आवाज काही सेकंदांचाच आहे. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मूलभूत प्रणालीच्या सर्व्हरवर ‘सिली साउंड्स’, म्हणजे खुळे आवाज, अशा नावाच्या फोल्डरमध्ये ही ध्वनिफीत ठेवलेली होती. ‘मी लिनस टोरवाल्ड्स, आणि मी लिनक्सचा उच्चार लिनक्स असा करतो,’ एवढेच लिनक्सच्या या निर्मात्याच्या तोंडून त्यात ऐकू येते. हे वाक्य कागदावर वाचून काहीच कळत नाही. ऐकले की सारे कळते. पहिला स्वर ‘इ’, दुसरा ‘उ’कडे झुकलेला, आणि ‘लाय’चा मागमूसही नाही.

हा खुलासा करावा लागला, कारण इंग्रजी भाषक लिनस हे नाव ‘लायनस’ असे वाचतात आणि त्याच चालीवर ‘लायनक्स’ म्हणू लागले होते. टोरवाल्ड्स मात्र हेलसिंकीतल्या स्वीडिश बोलणाऱ्या घरातले. तेथे हे नाव ‘लीनुस’च्या जवळ जाते. शेजारच्या दुसऱ्या फायलीत हेच वाक्य त्यांनी स्वीडिशमध्ये म्हटले आहे.

मुळात हे नाव त्यांनी ठेवलेलेच नाही. 1991 मध्ये विद्यार्थी असताना त्यांनी आपल्या प्रणालीसाठी ‘फ्रीक्स’ हे नाव योजले होते; ‘लिनक्स’ हा शब्द मनात येऊनही स्वतःचीच आरती ओवाळल्यासारखे होईल म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला होता. फिनलंडच्या, फायली वाटण्यासाठीच्या एफटीपी सर्व्हरचे काम पाहणारे आरी लेम्के यांना ‘फ्रीक्स’ रुचले नाही, आणि त्यांनी कोणालाही न विचारता सर्व्हरवरच्या या प्रणालीच्या फोल्डरला ‘लिनक्स’ असे नाव देऊन टाकले. संगणकाच्या इतिहासात लेम्के यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. ती आम्हाला अपुरी वाटते.

शेवटच्या ‘क्स’ची वाट अमेरिकेतून येते. या जुन्या छायाचित्रात टेलिटाइप या छापणाऱ्या टंकयंत्रासमोर बसलेले केन थॉम्प्सन आणि शेजारी उभे असलेले डेनिस रिची हे बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेतले संगणकतज्ज्ञ दिसतात. बेल लॅब्स 1969 मध्ये ‘मल्टिक्स’ या संगणक-प्रणालीच्या अवाढव्य प्रकल्पातून बाहेर पडली. त्यानंतर थॉम्प्सन यांनी पीडीपी-7 या लहान यंत्रावर स्वतःची प्रणाली रचली, तेव्हा ‘मल्टि’च्या जागी ‘युनि’ घालून ‘युनिक्स’ ही कोटी करण्यात आली, आणि तिचे श्रेय त्यांचे सहकारी ब्रायन कर्निहन यांना दिले जाते. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ ही युनिक्ससारखी प्रणाली लिहिली, आणि तीच टोरवाल्ड्स यांच्या संगणकावर चालत होती.

अँड्रॉइड फोनपासून जगातल्या अव्वल 500 महासंगणकांपर्यंत आज लिनक्सच चालते.

मराठीत हा शब्द लिहिताना मात्र सुटका नसते. रोमन अक्षरे उच्चाराबाबत मौन पाळू शकतात. देवनागरीत वेलांटी द्यायची की काना, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. मराठीत रुळलेल्या ‘लिनक्स’मध्ये पहिला स्वर बरोबर आहे, दुसऱ्यासाठी ‘लिनुक्स’ असा उकार दिला, तर तो त्या ध्वनिफितीच्या अधिक जवळ जाईल.