नाण्यावर नाव कोणाचं?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ऑफा राजाच्या चांदीच्या पेनीबद्दल. आठव्या शतकात इंग्लंड हे एक राज्य नव्हतंच. अनेक राजे होते, त्यांत मधल्या भागातलं मर्शिया सगळ्यांत बलाढ्य. तिथं ७५७ ते ७९६ ऑफाची सत्ता होती.

त्याची पेनी सव्वा-दीड ग्रॅमच्या आतबाहेर, अगदी पातळ. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात पक्का बसवलेला, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर हातात धरलेला दुसरा ठसा आणि वरून हातोड्याचा घाव. हात जरा हलला की अक्षरं कडेबाहेर! शिवराईवरची अर्धीमुर्धी अक्षरं जुळवत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एका बाजूला राजाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला चक्क नाणं पाडणाऱ्याचं: इब्बा, बब्बा, एधुन. हा कारागिराचा सन्मान वगैरे होता असं मला वाटत नाही. चांदी हिणकस निघाली, वजन कमी भरलं, तर मानगूट कोणाची धरायची याची ती सोय.

कँटरबरीच्या एओबानं तर राणी किनेथ्रिथच्या नावानं पेनी पाडल्या. काहींवर तिचा चेहराही आहे, रोमन सम्राज्ञींच्या थाटाचा. अँग्लो-सॅक्सन काळातली दुसरी कुठलीही राणी अशी नाण्यावर नावानिशी भेटत नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये ऑफाचा एक सोन्याचा दिनार आहे. खलिफा अल-मन्सूरच्या ७७४ सालच्या दिनाराची ही नक्कल. अरबी मजकूर उतरवलाय आणि मधोमध लॅटिनमध्ये ‘ऑफा राजा’, तेही अरबी ओळींच्या मानानं उलटं! ठसा कोरणाऱ्याला अरबीचा गंध नव्हता, हे उघड आहे. व्यापारात मात्र तो दिनार कुठवर चालतो, हे कोणाला तरी पक्कं ठाऊक असणार.

शेजारच्या ईस्ट अँग्लियाचा राजा एथलबर्ट. त्यानंही स्वतःच्या नावाची पेनी काढली. तिच्यावर रोमची ती प्रसिद्ध लांडगी, जुळ्या पोरांना दूध पाजणारी. नाणं पाडणारा होता लुल. ७९४ साली ऑफाच्या हुकमानं एथलबर्टचं शिर उडवलं गेलं. त्याची नाणी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात. लुलचं काम मात्र थांबलं नाही. पुढे मर्शियाच्याच केनवुल्फ राजाच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे.