न दुखणारी गाठ

नमस्कार श्रोतेहो.

पायात बाभळीचा काटा मोडला की आपण काय करतो? सुईनं कोरून काढतो, वर हळद दाबतो आणि परत कामाला लागतो. बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो. क्वचित एखाद्याच्या बाबतीत मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, काट्याची आठवणसुद्धा उरलेली नसताना, तळपायाला घट्ट गाठ लागते. ती दुखत नाही आणि खरी पंचाईत तीच आहे. दुखलं असतं तर माणूस दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आला असता. ‘कुरूप असेल’ म्हणून गाठ तशीच राहते. मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून न दुखणाऱ्या गाठीसाठी तालुक्याला कोण जाणार? पुढं पाऊल सुजतं, त्याला बारीक तोंडं पडतात, त्यांतून पू येतो आणि पुवाबरोबर कण पडतात: काळे, पिवळे, पांढरे, कधी लाल. खसखशीएवढे, कधी त्याहून मोठे.

या रोगाचं नाव मायसेटोमा. बोलीत मदुरा फूट, कारण 1842 साली तमिळनाडूतल्या मदुराईच्या दवाखान्यात त्याची नोंद झाली. रोग मात्र त्याहून फार जुना असावा. सुश्रुतांनी ‘वल्मीक’ नावाचा एक विकार सांगितला आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. अनेक तोंडं पडलेलं असं पाऊल एकदा पाहिलं की ही उपमा कुठून सुचली असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

मायसेटोमा हे नाव मात्र आपल्या मुंबईत ठरलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाचे डॉक्टर शिकवत. हात चित्रकाराचा आणि नजरही तशीच. काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 1860 च्या सुमारास त्यांनी सांगितलं, की ही बुरशी आहे, आणि त्यावरूनच हे नाव दिलं. पुढं ते बरीच वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते.

कार्टरांचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. कारण हा रोग दोन प्रकारचा निघाला. एक बुरशीचा, दुसरा जिवाणूंचा. वरून दोन्ही सारखेच दिसतात, औषधं मात्र अगदी वेगळी. जिवाणूंचा असेल तर को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक, गरज पडल्यास अमिकासिनची इंजेक्शनं, आणि काही महिन्यांत बहुतेक पाय वाचतात. बुरशीचा असेल तर इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या वर्षभर किंवा जास्त, मधूनमधून यकृताची तपासणी, शिवाय शस्त्रक्रिया. रोग हाडात उतरलेला असेल तर काही वेळा पाय कापावा लागतो. म्हणून पुवातला दाणा, म्हणजे तो कण, कसला आहे हे न बघताच अँटिबायोटिक देत राहणं मला पटत नाही. काळा दाणा बहुधा बुरशीचा, लाल आणि पिवळा जिवाणूंचा. पांढरा मात्र दोन्हींपैकी कुणाचाही असू शकतो, तिथं रंगावर विसंबता येत नाही. गाठीतला खोलवरचा तुकडा काढून तपासावाच लागतो.

हा रोग आपल्याकडं जास्त दिसतो तो राजस्थान, तमिळनाडूत. बाहेर मेक्सिको आणि सर्वांत जास्त सुदान. काटेरी झाडं, थोडा पाऊस, उरलेलं वर्ष कोरडं आणि अनवाणी राबणारी माणसं, हे सगळं जिथं एकत्र येतं तिथं हा रोग असतो. एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे घरच्यांनी नीट ऐकावं. रुग्णाचं ताट वेगळं करायचं काहीच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. सुदानच्या राजधानीतल्या, खार्टूमच्या, मायसेटोमा संशोधन केंद्रात नव्या औषधाची, फॉसराव्हुकोनाझोलची, चाचणी झाली. ते इट्राकोनाझोलपेक्षा सरस ठरलं नाही, पण रोजच्या गोळ्यांऐवजी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. दूरच्या खेड्यातल्या माणसाला हे केवढं सोयीचं! पण 2023 मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि त्यात ते केंद्रच उद्ध्वस्त झालं.

एक साधी गोष्ट तुमच्या हातात आहे. पायातून असा पू येत असेल तर डॉक्टरांकडं जाण्याच्या आदल्या रात्री त्यावर स्वच्छ कोरडी पट्टी बांधा. सकाळी ती फेकू नका. त्यावर चिकटलेले कण डॉक्टरांना पाहायचे असतात. पट्टी घडी करून सोबत न्या.