भिंतीवरचा शेजार

(समकालीन कलेच्या एका समूह प्रदर्शनात नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कूलरचा आवाज मोठा आहे, मागच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा. तो बंद करा असं मात्र सांगणार नाही. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करायला लावणाऱ्या वक्त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

सुरुवात मात्र कूलरपासूनच करतो. परवा चित्रं लावताना एका मुलीचं जलरंगातलं काम या खिडकीशेजारी टांगलं. हातकागद, वर दोनच चिमटे, काच नाही. सकाळी पाहतो तर कागद तळलेल्या पापडासारखा फुगलेला. रात्रभर दमट वारा खाल्ला होता त्याने. मुलगी रडायचीच बाकी होती. मग कागद पलीकडच्या कोरड्या भिंतीवर गेला आणि इथे भाजलेल्या मातीचे मुखवटे आले. मातीला दमट हवेचं काय!

समूह प्रदर्शनात खरी डोकेदुखी ही शेजाराची असते. एकट्याचं प्रदर्शन असलं की चारी भिंती आपल्या. इथे कॅनव्हास, माती, सुतळी, छायाचित्रं, व्हिडिओ, सगळे एकाच चाळीत भाड्याने आलेले. आणि व्हिडिओ हा चाळीतला मोठ्याने रेडिओ लावणारा भाडेकरू. त्या कोपऱ्यात हातमागाचा व्हिडिओ आहे. त्याची खटखट थेट शेजारच्या काळ्या कॅनव्हासपर्यंत जायची. लोक कॅनव्हाससमोर उभे राहून कान देत होते. चित्रकाराने तक्रार केली, तेव्हा हेडफोन आले. मला विचाराल तर नुकसान झालं. त्या काळ्या रंगाला ती खटखट शोभत होती. पण चित्र त्याचं, माझं नाही.

शिवाय त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये याच नागपुरात जन्मले. रोलरने आणि रंग लावायच्या सुरीने रंगाचे थर चढवलेला त्यांचा कॅनव्हास शेजारी कोणी बडबडत असताना कसा पाहायचा? चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. पुढे दोघेही मुंबईतल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. पण म्हणून रझांच्या गोल बिंदूच्या चित्राशेजारी गायतोंडे लावले की भिंत जमली, असं थोडंच आहे?

शेजाराचा प्रश्न एकदा फार गमतीने सोडवला गेला. 1917, न्यूयॉर्कमधलं एक समूह प्रदर्शन. परीक्षक नाहीत, फी भरेल त्याचं काम घ्यायचं, आणि कामं लावायची चित्रकारांच्या नावांच्या अक्षरक्रमाने. शाळेतल्या हजेरीसारखी! ही अक्षरक्रमाची कल्पना फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँची. त्यांनीच 'आर. मट' या खोट्या नावाने मुतारीचं भांडं पाठवलं, 'फाउंटन' म्हणून. सगळ्यांना दार उघडं ठेवणाऱ्या मंडळींनी ते काही मांडलं नाही. शेजार कोणाचाही चालेल म्हणणारे मुतारीपाशी थबकले. मला त्या मंडळींचा राग येत नाही. आपल्यातल्या किती जणांनी मांडलं असतं?

काल एक आजोबा त्या सुतळीच्या मांडणीपाशी बराच वेळ उभे होते. छतापासून फरशीपर्यंत गाठीच गाठी. एक गाठ बोटाने चाचपली. हात लावू नका अशी पाटी आहे, मी दुसरीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "हे इकत घेतलं तं घरी ठेवाव कुठी जी?"

मी म्हटलं, विकायचं नाही, प्रदर्शन संपलं की सुटं करणार. मला वाटलं, हसतील. त्यांनी मान डोलावली. बरोबरच आहे. ज्या शहरात इडापिडा घेऊन जाणारी बांबू-कागदाची मोठी बाहुली, म्हणजे मारबत, खपून खपून उभी करतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवतात आणि जाळून टाकतात, तिथल्या माणसाला मी काय नवीन सांगणार होतो?

निघताना दारातून वळून म्हणाले, "मारबत जाळताना पाहाले तरी भेटते. हे कवा सोडता, सांगजा."

तर रविवारी संध्याकाळी पाच वाजता गाठी सोडायला घेऊ. या.